पेशंटचा श्वास कसा बघायचा: रेडिओथेरपीत नव्याने आलेल्यांसाठी

सीटी सिम्युलेशनच्या, म्हणजे उपचार आखण्यासाठी काढायच्या सीटी स्कॅनच्या, कन्सोलवर तुम्हाला पहिल्यांदा एकटं बसवतील, तेव्हा काचेपलीकडे टेबलावर एक माणूस असेल आणि समोरच्या स्क्रीनवर वरखाली होणारी एक रेषा असेल. सगळ्यांचे डोळे आपोआप रेषेकडे जातात. माझेही जायचे. ती रेषा पोटावर ठेवलेल्या एका प्लॅस्टिकच्या ठोकळ्याची आहे, ट्यूमर तिच्यात कुठेच दिसत नाही, हे मला मनापासून पटायला बरेच महिने गेले. ठोकळा आणि ट्यूमर यांचं नातं स्कॅनच्या दिवशी जसं असेल तसंच उपचाराच्या प्रत्येक दिवशी राहावं, याच्यासाठी आपली सगळी धडपड असते. ते नातं कुठे कुठे तुटतं आणि आपण ते कसं सांभाळायचं, हे नव्याने आलेल्या टेक्नॉलॉजिस्ट मुलामुलींना रोज तोंडी सांगते, ते इथे सलग लिहून ठेवते आहे. नवीन फिजिसिस्टनाही (डोसचं गणित आणि मशीन सांभाळणाऱ्यांना) यातलं बरंच उपयोगी पडेल.

श्वासाने नेमकं काय हलतं

फुफ्फुसांच्या खाली डायफ्रॅम असतो, श्वासपटल. शांत श्वासातसुद्धा तो सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वरखाली होतो आणि त्याला टेकलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं: यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंडं, फुफ्फुसाचा खालचा भाग. फुफ्फुसाच्या शेंड्याजवळची गाठ जेमतेम काही मिलीमीटर हलते, तर तळाकडची गाठ दीड-दोन सेंटिमीटरही जाऊ शकते. मुख्य हालचाल डोक्याकडून पायाकडे असते, पुढे-मागे त्याहून कमी. पण माणसामाणसात इतका फरक असतो की गाठीचा आकार किंवा जागा बघून अंदाज बांधू नये. मोजावंच लागतं.

आता विचार करा. साध्या सीटीत एक स्लाइस अर्ध्या सेकंदात निघते, म्हणजे हलत्या गाठीचा एका क्षणाचा फोटो. स्कॅनर पुढे सरकतो तेव्हा गाठही सरकलेली असते. त्यामुळे गाठ कधी दोन तुकड्यांत दिसते, कधी खऱ्यापेक्षा आखूड, आणि डायफ्रॅमच्या कडेला पायऱ्या पडतात. त्या फोटोवर प्लॅन केला आणि भोवती पाच मिलीमीटर मार्जिन दिली, तर गाठ श्वासाबरोबर मार्जिनच्या बाहेर जाऊन येईल. तिला डोस कमी पडेल आणि शेजारच्या निरोगी भागाला विनाकारण मिळेल. अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिन या संघटनेच्या टास्क ग्रुप ७६ चा अहवाल २००६ साली आला. कुठल्याही दिशेला हालचाल ५ मिलीमीटरपेक्षा जास्त असेल तर ती आवरण्याचा विचार करा, असं त्यात सांगितलं आहे. तुमच्या विभागात फिजिसिस्ट "किती हलतंय?" असं विचारतात ते या आकड्याच्या हिशोबाने.

साधनं

तुम्ही जिथे रुजू व्हाल तिथे यातलं एखादं-दुसरं असेल. सगळ्यात जास्त भेटतो तो इन्फ्रारेड कॅमेरा आणि चमकते ठिपके असलेला ब्लॉक, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला तो ठोकळा. व्हेरियन कंपनीच्या आरपीएम नावाच्या जुन्या सिस्टिममुळे अजूनही अनेक जण त्याला "आरपीएमचा डबा" म्हणतात. काही स्कॅनरना पोटाभोवती बांधायचा पट्टा असतो: अँझाईच्या पट्ट्यात दाब मोजणारा सेन्सर, फिलिप्सच्या बेलोजमध्ये हवेची रबरी नळी. एलेक्टाचं एबीसी वेगळं आहे. त्यात पेशंट तोंडात नळी धरतो, नाकाला चिमटा लावतो आणि आत गेलेली हवा मोजून झडप श्वास अडवते. मिशिगनमधल्या विल्यम बोमाँट हॉस्पिटलमध्ये जॉन वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली. आता छताला लावलेले सरफेस कॅमेरेही आले आहेत, ते ठोकळ्याशिवाय थेट त्वचेचा आकार बघतात. सायबरनाइफ या रोबोटच्या मशीनमध्ये बीमच गाठीमागे फिरतो, पण तो विषय मोठा आहे, आज नको.

यातलं काहीही असो, ते बाहेरची हालचाल बघतं किंवा हवा मोजतं. गाठ आत असते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पायरी पहिली: खोलीच्या बाहेर

काम टेबलावर सुरू होत नाही, बाकावर सुरू होतं. पेशंटला आत बोलावण्याआधी पाच मिनिटं त्याच्याशेजारी बसा. काका, रात्री उताणं झोपता येतं का? किती उशा लागतात? खोकला कधी जास्त येतो, सकाळी की आडवं झाल्यावर? हात डोक्यावर धरून वीस मिनिटं राहता येईल का, खांदा दुखतो का? ऐकायला नीट येतं का? जुना टीबी, दमा, ऑक्सिजन लागणं, सगळं फाइलमध्ये असतं, पण माणूस दोन उशांशिवाय झोपू शकत नाही हे फाइलमध्ये नसतं. पोटाच्या वरच्या भागातलं काम असेल तर शेवटचं खाणं कधी झालं ते विचारून लिहा. भरलेल्या पोटाने डायफ्रॅमची चाल बदलते, म्हणून स्कॅनच्या आधी दोन-तीन तास उपाशी ठेवलं असेल तर उपचारालाही तसंच ठेवायचं.

भाषा इथेच ठरवा. आपण सवयीने "श्वास रोखा" म्हणतो. घाटावरच्या एका आजींनी ते ऐकून मान डोलावली आणि श्वास चालूच ठेवला. "आजी, दम धरा" म्हटल्याबरोबर त्या बरोबर थांबल्या. पाण्यात बुडी मारताना धरतो तसा दम, एवढं सांगितलं की विहिरीत पोहलेल्या माणसाला पुढे काही समजवावं लागत नाही. मुंबईच्या रुग्णालयांत बंगालमधून पुष्कळ पेशंट येतात. त्यांच्यासाठी मी कन्सोलला एक कागद चिकटवून ठेवला आहे: शाश निन, धोरे राखुन, छाडुन. उच्चार थोडा चुकला तरी चालतो, पेशंट हसतो आणि तेवढाच मोकळा होतो. जे शब्द स्कॅनला वापराल ते फाइलमध्ये लिहा. उपचाराच्या खोलीतल्या माणसाने तेच शब्द वापरले पाहिजेत.

पायरी दुसरी: झोपवणं आणि थांबणं

विंग बोर्ड (वर घेतलेल्या हातांचा आधार), गुडघ्याखाली आधार, हात वर. पेशंट आरामात आहे का हे विचारून थांबू नका, मुठी बघा. आवळलेल्या असतील तर खांद्याखाली काहीतरी टोचतंय किंवा भीती वाटते आहे. अवघडलेला माणूस आधी छातीने उथळ श्वास घेतो आणि दहा मिनिटांनी हळूहळू सैलावतो, म्हणजे स्कॅनच्या सुरुवातीचा श्वास एक आणि शेवटचा वेगळा. म्हणून सगळं लावून झाल्यावर चार-पाच मिनिटं काहीही न करता थांबायचं. बाहेर रांग असते, वरिष्ठ घाई करतात, तरी थांबायचं. ही पाच मिनिटं पुढे पंधरा मिनिटं वाचवतात.

पायरी तिसरी: ब्लॉक नेमका कुठे

झायफॉइड, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक, बोटाने चाचपून शोधा. तिथून बेंबीपर्यंतच्या अंतराच्या साधारण मध्यावर बहुतेकांचं पोट श्वासाबरोबर सगळ्यात छान हलतं. आधी नुसत्या डोळ्यांनी दोन-तीन श्वास बघा आणि जिथे जास्त उचललं जातंय तिथे ब्लॉक ठेवा. काही जण छातीनेच श्वास घेतात, त्यांच्यात जागा वर सरकवावी लागते. पोट मोठं असेल तर ब्लॉक उतारावर कलंडतो आणि ठिपके कॅमेऱ्याला तिरके दिसतात. सपाट जागा शोधा. मग ब्लॉकच्या कडा पेनने त्वचेवर आखा, झायफॉइडपासूनचं अंतर मोजपट्टीने मोजून लिहा, फोटो काढा. तिन्ही करा. पेन आंघोळीत जातं, फोटोत अंतर कळत नाही, आणि नुसत्या आकड्यावरून ब्लॉक कोणत्या बाजूला वळवला होता ते समजत नाही.

ब्लॉक नेहमी त्वचेवर. हे मी माझ्या चुकीने शिकले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका काकूंच्या स्कॅनला साडी सैल करून निऱ्या पोटावर तशाच राहिल्या होत्या आणि मी ब्लॉक त्या घडीवर ठेवला. रेषा सुंदर आली, अगदी पुस्तकातल्यासारखी. उपचाराच्या पहिल्या दिवशी गाउन घालून, त्वचेवर ब्लॉक ठेवला, तर उंची जवळजवळ निम्मी. स्कॅनच्या दिवशी घडी श्वासाबरोबर उघडमीट करत होती आणि मी तिची हालचाल मोजली होती. फिजिसिस्ट सरांनी उपचार थांबवून पुन्हा स्कॅन करायला सांगितलं आणि ते बरोबरच होतं. काकू मात्र तोपर्यंत घरी परतल्या होत्या, त्यांना पुन्हा रात्रभर एसटीने यावं लागलं. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून ब्लॉक ठेवायच्या आधी माझा हात आपोआप कापड बाजूला करतो.

पट्टा असेल तर ताण महत्त्वाचा. फार आवळला तर श्वास भरल्यावर रेषेचं डोकं कापल्यासारखं सपाट होतं, सैल असेल तर श्वास सोडल्यावर तळ सपाट होतो. सपाट भाग दिसला की पट्टा पुन्हा बांधा.

पायरी चौथी: रेषा वाचणं

आता स्क्रीनकडे बघा. एका मिनिटात किती श्वास? मोठ्या माणसात साधारण बारा ते वीस. पंधरा असतील तर एक श्वास चार सेकंदांचा. शिखरं साधारण एका उंचीवर आहेत का, तळ एका पातळीवर आहे का, मध्येच लांब थांबा येतो का, ते बघा. निरोगी शांत श्वासात तळाशी रेषा थोडा वेळ रेंगाळते, कारण श्वास सोडून झाल्यावर माणूस क्षणभर विसावतो. गाठही तेव्हाच सगळ्यात जास्त स्थिर असते. पुढे गेटिंगमध्ये, म्हणजे श्वासाच्या ठरावीक टप्प्यातच बीम देताना, याचा उपयोग होतो.

फोर-डी स्कॅनचा, म्हणजे श्वासाच्या प्रत्येक टप्प्याचं चित्र देणाऱ्या स्कॅनचा, वेग इथूनच ठरतो आणि नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. हेलिकल पद्धतीच्या, म्हणजे टेबल न थांबता सरकत राहणाऱ्या, स्कॅनरमध्ये पिच (एका फेरीत टेबल किती पुढे जातं, त्याचं बीमच्या रुंदीशी प्रमाण) हा एक्स-रे नळीच्या एका फेरीचा वेळ भागिले एका श्वासाचा वेळ, याहून जास्त असून चालत नाही. फेरी अर्ध्या सेकंदाची आणि श्वास चार सेकंदांचा असेल तर ०.१२५. पेशंट सावकाश, सहा सेकंदांचा श्वास घेत असेल तर ०.०८३. समजा तुम्ही ०.१२ ठेवून दिला आणि पेशंट सहा सेकंदांवर गेला. मग टेबल पुढे निघून जातं आणि त्या जागचा श्वासाचा काही भाग स्कॅन होतच नाही. चित्रात तिथे खाच पडते आणि सॉफ्टवेअर ती शेजारच्या माहितीने बुजवतं. बुजवलेली जागा पहिल्या नजरेला ठीक दिसते, म्हणून जास्त घातक. सरासरी श्वास धरू नका, मोजलेल्यातला सगळ्यात सावकाश श्वास धरून पिच ठरवा. सिने पद्धतीच्या स्कॅनरमध्ये टेबल प्रत्येक जागी थांबतं. तिथे थांबण्याचा वेळ सगळ्यात लांब श्वासापेक्षा एका फेरीने जास्त ठेवायचा.

पायरी पाचवी: स्कॅन चालू असताना

क्रम असा ठेवा: आधी साधा स्कॅन, मग फोर-डी, आणि मधल्या वेळात पेशंट हलू द्यायचा नाही. टेबल कमानीत शिरताना ब्लॉक कॅमेऱ्याआड जात नाही ना, पांघरूण मध्ये येत नाही ना, हे आधी एकदा स्कॅन न करता नुसतं टेबल चालवून बघा. गुडघ्यावर टाकलेली चादर हा नेहमीचा गुन्हेगार.

इंटरकॉमवरून अधूनमधून हळू आवाजात बोला. बोललं नाही तर कित्येक पेशंट झोपतात. आदल्या रात्रीची झोप नसते, एसी असतो, डोळे मिटतात आणि श्वास सहा-सात सेकंदांवर जातो. "काका, छान चाललंय, असाच श्वास घ्या, दोन मिनिटं राहिली." एवढंच. "खोल श्वास घ्या" चुकूनही म्हणू नका, लगेच रेषा दुप्पट उंच जाते.

खोकला आला तर थांबवा. पेशंटला पाणी पाजायची वेळ आली तर तो हलणार, मग साध्या स्कॅनपासून पुन्हा सुरू करायचं. फोर-डीचा डोस साध्या स्कॅनपेक्षा जास्त असतो, म्हणून "बघू, निघेल बहुतेक" म्हणत खराब रेषेवर स्कॅन पूर्ण करू नका. सुरुवातीलाच थांबलात तर पेशंटला कमी डोस मिळतो.

पायरी सहावी: पेशंट उठण्याआधी

सॉफ्टवेअर प्रत्येक श्वासाच्या शिखरावर खूण करतं. शिखराला दोन टोकं असतील किंवा मध्ये उसासा असेल तर खूण चुकते. त्या हाताने दुरुस्त करा. मग साधारण दहा फेज, म्हणजे श्वासाच्या दहा टप्प्यांची चित्रं, तयार होतात. बहुतेक सिस्टिममध्ये शून्य टक्के म्हणजे पूर्ण भरलेला श्वास आणि पन्नासच्या आसपास सोडलेला. कोरोनल, म्हणजे समोरून बघितल्यासारख्या, चित्रात डायफ्रॅमची कड बघा. ती गुळगुळीत घुमट असायला हवी. पायरी किंवा दुहेरी कड दिसली तर त्या उंचीवर काय घडलं ते रेषेवर शोधा. फेज एकामागून एक चालवून गाठ सुरळीत फिरते की उडी मारते, तेही बघा. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे, पण पेशंट टेबलावर असेपर्यंतच त्याचा उपयोग. एकदा तो खाली उतरला की नातं तुटलं.

इथून पुढे डॉक्टर आणि फिजिसिस्ट ठरवतात. हालचाल थोडी असेल तर गाठ जिथे जिथे जाते ती सगळी जागा एका आकारात धरतात, त्याला आयटीव्ही म्हणतात. जास्त असेल तर गेटिंग, श्वास धरणं किंवा पोटावर दाबपट्टी. एक गोष्ट तुम्हालाही माहीत हवी. सगळ्या फेजमधला सगळ्यात उजळ बिंदू घेऊन केलेलं एमआयपी चित्र फुफ्फुसातल्या गाठीला छान चालतं, कारण काळ्या फुफ्फुसात गाठ उजळ दिसते. पण गाठ डायफ्रॅमला टेकलेली असेल तर यकृतही तितकंच उजळ असतं आणि गाठीचा खालचा भाग त्यात हरवतो. अशा केसला एकेक फेज बघितल्याशिवाय आकार आखू नये.

श्वास धरून उपचार: डावा स्तन

नवीन मुलांना सगळ्यात आधी जे काम मिळतं ते डीआयबीएचचं, म्हणजे खोल श्वास धरून डाव्या स्तनाला रेडिएशन. छाती भरली की फुफ्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून दूर, खाली-मागे जातं. याची गरज किती आहे हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून कळतं. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या, स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्या बायकांमध्ये, हृदयाच्या सरासरी डोसमध्ये दर एका ग्रेमागे (ग्रे हे डोसचं एकक) हृदयविकाराच्या गंभीर घटनांचं प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि इतक्या डोसखाली काहीच धोका नाही अशी रेघ सापडली नाही. समोरची बाई चाळीशीची असते. तिला अजून तीस-चाळीस वर्षं जगायचं असतं. तिने धरलेल्या प्रत्येक वीस सेकंदांची किंमत ही आहे.

सराव एक-दोन दिवस आधी घरी करायला सांगा: उताणं झोपून, हात वर, आरामात भरून घेतलेला श्वास वीस ते तीस सेकंद. पूर्ण ताकदीने भरलेला श्वास रोज सारखा येत नाही. जास्तीत जास्त जमेल त्याच्या तीन चतुर्थांश किंवा थोडा वर पुरतो. स्कॅनच्या वेळी तीन-चार वेळा धरायला लावा, रेषा त्याच उंचीवर येते का बघा आणि मग खिडकी, म्हणजे रेषेने राहायची उंचीची मर्यादा, ठरवा, साधारण तीन ते पाच मिलीमीटरची. खिडकी कमाल उंचीवर ठेवू नका, पंधराव्या दिवशी दमलेल्या बाईला ती गाठता येत नाही.

आता माझ्या अनुभवातली नेमकी अडचण. एक ताई, शाळेत शिक्षिका, सगळं पहिल्यांदा समजणाऱ्या. स्क्रीनवरची पट्टी हिरव्या खिडकीत नेऊन ठेवा म्हटल्यावर त्या दर वेळी बरोबर नेत होत्या, रेषा सरळ. मला तरी काहीतरी खटकत होतं, छाती तितकीशी भरलेली दिसत नव्हती. मी आत गेले, त्यांच्या कमरेखाली तळहात सरकवला आणि श्वास धरायला सांगितलं. पाठ उचलली गेली, हात आरपार गेला. त्या कमरेची कमान करून ब्लॉक वर उचलत होत्या. मुद्दाम नव्हे, पट्टी खिडकीत न्यायची एवढंच डोक्यात होतं. फुफ्फुस जेमतेम भरलेलं आणि हृदय जिथल्या तिथे. "ताई, पाठ बोर्डाला चिकटवून ठेवा, बरगड्या बाजूला उघडू द्या," म्हटलं आणि दोन्ही बरगड्यांवर हात ठेवून दाखवलं. पुढच्या श्वासाला उंची कमी आली, पण ती खरी होती. स्कॅन त्या उंचीवर केला.

योगाच्या वर्गाला जाणाऱ्या पेशंटकडेही लक्ष ठेवा. त्यांना कुंभक उत्तम जमतो, पण पोट फुगवून श्वास घ्यायची सवय असते. आपल्याला छाती भरलेली हवी. म्हणून डीआयबीएचला ब्लॉक पोटाच्या मध्यावर न ठेवता झायफॉइडच्या जवळ ठेवतात.

आणि "सोडा" म्हणायला कधीही विसरू नका. कन्सोलवर फोन वाजतो, कुणी काही विचारतं, आणि आत एक माणूस तुमच्या शब्दाची वाट बघत श्वास धरून पडलेला असतो. प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा, "जमलं नाही तर बिनधास्त सोडा, आम्ही बीम थांबवतो, काहीही बिघडत नाही." हे ऐकल्यावर बहुतेकांचा दम पाच सेकंदांनी वाढतो.

उपचाराच्या खोलीत

पहिल्या दिवशी स्कॅनची फाइल उघडून ब्लॉकची जागा, अंतर, फोटो, शब्द, उशी, सगळं तसंच्या तसं. मग पुन्हा थांबणं. स्कॅनच्या दिवशी घाबरलेला माणूस चौथ्या दिवशी सरावतो आणि त्याचा श्वास खोल, सावकाश होतो. रेषा स्कॅनच्या रेषेशेजारी ठेवून बघा. उंची किंवा वेग ठळक बदलला असेल तर बीम देण्याआधी फिजिसिस्टना हाक मारा.

रेषा जुळली म्हणून गाठ जुळली असं धरू नका, आतलं चित्र घ्या. कोन बीम सीटीला, म्हणजे उपचाराच्या मशीनवरच काढायच्या सीटीला, साधारण एक मिनिट लागतो, म्हणजे चार सेकंदांच्या हिशोबाने पंधरा श्वासांचं मिसळलेलं चित्र. त्यात गाठ पुसट, लांबट दिसते. तिची तुलना एका फेजशी न करता सरासरी चित्राशी किंवा आयटीव्हीच्या आकाराशी करा. श्वास धरून घ्यायचं असेल तर दोन-तीन धरण्यांत तुकड्यातुकड्याने घ्या. यकृतात सोन्याचे मार्कर घातले असतील तर गेटच्या खिडकीतला एक्स-रे काढून ते जागेवर आहेत का बघा.

गेटिंगमध्ये बीम रेषा ठरलेल्या खिडकीत असतानाच चालू होतो, बहुधा श्वास सोडल्याच्या टप्प्यात, तीस ते सत्तर टक्के फेज. म्हणजे पूर्ण वेळातला चाळीस टक्केच वेळ बीम. एरवी दोन मिनिटांचा बीम इथे पाच मिनिटं घेतो. पेशंटला आधीच सांगा, नाहीतर मशीन सारखं थांबतंय म्हणून तो घाबरतो आणि श्वास बिघडतो. फेजवर गेट लावला की उंचीवर, यात फरक आहे. फेजचा गेट श्वासाचा टप्पा बघतो, त्याला रेषा खाली घसरलेली कळत नाही. आणि रेषा घसरतेच: दहा मिनिटं पडून राहिल्यावर पाठीचे स्नायू सैलावतात आणि सगळा तळ एक-दोन मिलीमीटर, कधी जास्त, खाली उतरतो. तळ उतरला की बीम थांबवून चित्र पुन्हा घ्या. खिडकी रेषेच्या मागे सरकवून काम उरकणं सोपं आहे. तसं करू नका, कारण त्यात गाठ कुठे गेली हे कुणीच बघितलेलं नसतं.

बीम चालू असताना एकाने रेषा बघावी आणि एकाने कॅमेऱ्यातला पेशंट. दोन्ही एकाच माणसाकडून नीट होत नाहीत. कपाळावर आठी, पायाची बोटं ताणलेली, ओठ हलणं. खोकल्याची उबळ रेषेत दिसायच्या एक सेकंद आधी चेहऱ्यावर दिसते.

सकाळची तपासणी

पेशंट यायच्या आधी ब्लॉक हलत्या फँटमवर (पेशंटच्या जागी ठेवायच्या तपासणीच्या उपकरणावर) ठेवून ठरावीक उंची आणि वेग स्क्रीनवर तेवढाच येतो का, आणि खिडकीबाहेर गेल्यावर बीम थांबतो का, एवढं रोज बघा. खिडकीतून बाहेर पडणं आणि बीम बंद होणं यात किती वेळ जातो ते फिजिसिस्ट ठरावीक काळाने मोजतात. हा वेळ क्षुल्लक वाटतो. दोन सेंटिमीटर हलणारी गाठ, चार सेकंदांचा श्वास, तर मधल्या टप्प्यात तिचा वेग सेकंदाला साधारण दीड सेंटिमीटर; सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीर म्हणजे दीड मिलीमीटर. मार्जिनच्या चर्चेत लोक एका मिलीमीटरवरून वाद घालतात.

ब्लॉक प्रत्येक पेशंटनंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, ठिपक्यांवर नख लावू नका. एबीसीचा फिल्टर आणि तोंडातली नळी ज्याची त्याची, नावाच्या पिशवीत.

फाइलमध्ये काय लिहायचं

"नॉर्मल ब्रीदिंग, वेल टॉलरेटेड" एवढं लिहून मोकळं होणाऱ्या फाइली मी पुष्कळ बघितल्या. त्यातून दुसऱ्या दिवशीच्या माणसाला काहीच कळत नाही. माझी एक नोंद नमुन्यादाखल देते: "ब्लॉक त्वचेवर, झायफॉइडच्या ६ सेंटिमीटर खाली, मध्यरेषेवर, ठिपके पायाकडे. मिनिटाला १३ श्वास, सगळ्यात लांब ५.५ सेकंद. आडवं झाल्यावर पहिली तीन मिनिटं खोकला, मग थांबतो, तोपर्यंत घाई करू नये. डोक्याखाली जाड उशी. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उजवीकडून बोलावं. 'दम धरा' म्हटलं की समजतं. नाश्ता सकाळी सातला, स्कॅन दहाला. पाणी गरम लागतं."